सादळायला ठेवलेले मणी

आमच्या वाडीत सध्या माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, एस.टी.तून निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यावर परिणाम झाला आणि मी कोंबड्या नसलेलं खुराडं बांधलं. दुसरी, मी हवा पकडायचा धंदा काढला आणि तो गोदूबायच्या चुलीवर बसला. दुसरी साफ खोटी आहे. पहिली निम्मी खोटी आहे, आणि ती निम्मी कुठली ते समजावं म्हणून मी हे लिहायला बसलोय. शिवाय दोन माणसांचे आभार मानायचे आहेत, जे आमच्याकडे तोंडाने मानायची पद्धत नाही.

वाडी थळच्या जरा पलीकडे आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे ग्रामपंचायतीचा विषय येणार आहे.

मी तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अठरा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. अख्खी वाडी मला कंट्रोलर म्हणते. गाडी आली किती वाजता, सुटली किती वाजता, उशीर का झाला, हे सगळं मी रजिस्टरला मांडलेलं आहे, आणि अठरा वर्षांत माझ्या रजिस्टरवर कोणी बोट ठेवलेलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे बोट ठेवलं जाणार आहे.

तर गेल्या मे महिन्यात माझी भाची अमिषा आली. धाकट्या बहिणीची मुलगी, मुंबईला एका संस्थेत संशोधन करते. एरवी ती मामीसाठी साडी आणि माझ्यासाठी फरसाण आणते. या वेळी रिक्षातून एक लाकडी पेटी उतरवली. चारही बाजूंना फटी, समोरासमोर दोन दारं, आणि आत पिशव्या टांगायला बारा आकडे.

"मामा, तुमच्याकडची हवा हवी आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "घेऊन जा. आम्हाला उरेल."

मग तिने मला नीट समजावलं. हवेत कार्बन डायऑक्साईड फार झालाय, हे आता पोराटोरांनाही माहीत आहे. तो हवेतून परत ओढून घेणारे मणी तिच्या प्रयोगशाळेत बनवतात. साबुदाण्याएवढे, पांढरेशुभ्र. ते हा वायू धरून ठेवतात, गरम केले की सोडतात आणि पुन्हा धरायला मोकळे होतात. हे हजारो वेळा जमलं तर त्याला अर्थ. एसीच्या खोलीत मणी उत्तम राहतात, पण जगाची हवा एसीची नाही. दमट हवेत, त्यातून खाऱ्या हवेत, ते किती दिवस दम धरतात हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी भारतातली एखादी अतिशय दमट जागा शोधायची होती, आणि तिला मामाचं घर आठवलं.

मला याचा अभिमान वाटला. किशोरीला, म्हणजे माझ्या बायकोला, राग आला. तिने नुकतीच वरच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी रंगवून घेतल्या होत्या.

अमिषाची अडचण मात्र खरी होती. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. प्रबंधाचं हे एकच प्रकरण राहिलं होतं आणि त्याला एक अख्खा पावसाळा लागणार होता. हा पावसाळा हुकला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोटापाण्याचं काय, हे तिच्या गाइडलाही माहीत नव्हतं. "पाच वर्षं घातलीत मामा," ती चहाचा कप हातात धरून म्हणाली, आणि चहा प्यायला विसरली.

बारा जाळीच्या पिशव्यांत मणी भरून तिने त्या आकड्यांना अडकवल्या. सहा आमच्या दाराच्या बाजूला, सहा समोरच्या. दर पंधरवड्याला दोन्ही बाजूंची एकेक पिशवी मी कुरिअरने मुंबईला पाठवायची. पेटीत हिरवा दिवा लुकलुकणारी एक पांढरी डबी ठेवली आणि म्हणाली, "हिला हात लावू नका." मला वाटलं मुंग्यांसाठी असेल. मग तिने मला हवेचा दमटपणा दाखवणारं काट्याचं घड्याळ दिलं आणि एक नवंकोरं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. सकाळी सात, दुपारी तीन, संध्याकाळी सात अशा दिवसाला तीन नोंदी. रजिस्टर हातात आलं आणि दोन वर्षांनी माझी पाठ सरळ झाली.

"आणि एकच सांगते मामा," निघताना ती म्हणाली. "काही करायचं नाही. झाकायचं नाही, पुसायचं नाही, वाळवायचं नाही. सादळू दे."

एवढं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

पेटीला चहूबाजूंनी वारा हवा, म्हणून ती गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसवली. हा गडगा आमच्या आणि गोदूबायच्या अंगणाच्या मधोमध आहे, आणि त्याच्या टोकाला गावाची वाट लागते. म्हणजे ग्रामपंचायतीची परवानगी आली. कोणी मागितली नव्हती, पण मी सरकारी माणूस. मी स्वतःहून गेलो. ही माझी पहिली चूक.

पंचायतीतल्या केतनने अर्ज दोनदा वाचला. पोरगा चांगला आहे, पण कंप्युटरच्या शब्दाबाहेर नाही.

"काका, यात हवा नाही."

"कशात?"

"यादीत. बांधकामाचा प्रकार निवडावा लागतो. मोबाईल टॉवर आहे, जाहिरात फलक आहे, पाण्याची टाकी, शौचालय, गोठा, खुराडं. वायू पकडणं असं काहीच नाही."

"मग 'इतर' कर."

"'इतर'ला तालुक्याचा ना हरकत दाखला लागतो. टॉवरला चौदा कागद. खुराड्याला फक्त शेजाऱ्याची सही."

गोदूबायने काही न विचारता सही ठोकली आणि गडग्यावरची पेटी कागदोपत्री खुराडं झाली. पक्ष्यांची संख्या विचारली तेव्हा मी शून्य सांगितलं. कंप्युटर शून्य घेईना. पिशव्या बारा होत्या, म्हणून केतनने बारा टाकले. मला वाटलं, त्याने काय बिघडतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भर पावसात एक माणूस रेनकोट घालून, बर्फाची पेटी घेऊन दारात उभा राहिला. बारा कोंबड्यांना लस टोचायला आला होता. मी त्याला खरं सांगितलं की कोंबड्या नाहीत. त्याने पेटीच्या फटीतून आत बघितलं, लोंबणाऱ्या पिशव्या बघितल्या आणि पाऊल मागे घेतलं. कागदावर त्याने 'पक्षी दाखवण्यास नकार' असा शेरा मारला. आठ दिवसांनी पत्र आलं की आपल्याकडील बारा पक्ष्यांचा तपशील लेखी द्यावा. मी लेखी दिला. प्रामाणिकपणा नडतो तो असा. मी लिहिलं, 'बारापैकी सहा मुंबईला रवाना. दर पंधरवड्यास दोन याप्रमाणे कुरिअरने पाठवण्यात येतात.' त्यावर जिवंत पक्षी कुरिअरने पाठवण्यास मनाई असल्याबद्दलचं जे पत्र आलं, ते किशोरीने फ्रिजवर चिकटवलं आणि वरच्या खोल्यांतल्या पर्यटकांना वाचून दाखवायला सुरुवात केली. पुण्याच्या एका कुटुंबाने त्याचा फोटोही काढला.

पण हे कागदाचं झालं. माणसांचं वेगळंच.

आमच्या किनाऱ्यावर माणसाचं अर्धं आयुष्य वस्तू सादळू नयेत म्हणून धडपडण्यात जातं. मीठ, आगपेट्या, पापड, पोरांच्या मार्कलिस्टा, लग्नातले शालू, सगळं आम्ही डब्यात डबा घालून, फडक्यात फडकं गुंडाळून चार महिने जपतो. अशा ठिकाणी एक माणूस काहीतरी पांढरं आणि नाजूक मुद्दाम उघड्यावर टांगतो आणि सादळायची वाट बघतो, हे कोणाच्या पचनी पडेना. नारळाचा व्यापारी दादू रोज सकाळी छत्री घेऊन यायचा आणि सल्ला देऊन जायचा.

"कंट्रोलर, पेटीत वाटीभर तांदूळ ठेव. ओल सगळी ओढून घेतात."

"दादू, ती ओढायची नाही आहे."

"मग कापूर ठेव."

"दादू, ते मणी खराब कधी होतात हेच बघायचंय."

दादूने पेटीच्या फटीला डोळा लावला. मग म्हणाला, "माझ्याकडे द्यायचे होते. मी चार दिवसांत खराब करून दिले असते." दुसऱ्या दिवशी परत आला तो बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या मूठभर घेऊन. गावभर फिरून जमवल्या होत्या. मी त्या घेतल्या, आभार मानले आणि कपाटात टाकल्या. कपाटातले माझे जुने गणवेश यंदा पहिल्यांदा कुबट झाले नाहीत, हे दादूला आज सांगतो.

त्या दिवसापासून मी आमच्या बाजूच्या दाराला कुलूप घातलं. समोरच्या दाराला नुसती खिट्टी होती. तिकडे गोदूबायचं अंगण. म्हटलं, तिकडून कोण येतंय.

गोदूबायबद्दल सांगायला हवं. साठी ओलांडलेली बाई, नवरा होडीवर असायचा, आता ती एकटी सुक्या मासळीचा धंदा बघते. उन्हाळ्यात तिच्या अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील लटकतात आणि जमिनीवर जवळा पसरलेला असतो. पावसाळ्यात माल सादळू नये म्हणून टोपल्या चुलीवरच्या मांडणीला टांगते. तिची चूल मोठी, म्हणून काशी, शकू आणि आणखी दोघी बायाही आपापल्या टोपल्या तिच्याकडेच आणून ठेवतात.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. वाळत घातलेल्या वस्तूवर पाऊस आला की जो बघेल त्याने उचलायचं. कोणाचं आहे ते विचारायचं नाही, मालकाला हाक मारत बसायचं नाही. हाताला लागेल त्या सुपात भरायचं, आडोशाला न्यायचं, संध्याकाळी सूप परत द्यायचं. आणि आभार मानायचे नाहीत. आभार मानले तर समोरच्याला वाटतं, आपण परके आहोत काय. किशोरीची आमसुलं आणि फणसाचे पापड गोदूबायने गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा वाचवले, त्याला गणती नाही.

तर जूनमध्ये ती गडग्यापाशी आली आणि म्हणाली, "कंट्रोलर भाऊ, तुमचं सादळतंय."

मी म्हटलं, "सादळू दे, गोदूबाय."

आठवड्याने परत आली. "अवो, पार सादळलं हाय. हाताला चिकट लागतंय."

"सादळू दे."

तिसऱ्यांदा ती गडग्यापाशी आली तेव्हा मीच आधी "सादळू दे" म्हटलं. तिने पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून किशोरीकडे बघितलं आणि मान हलवून निघून गेली. मला वाटलं, हिला विज्ञान पटलं.

जुलै सरला, ऑगस्ट आला. काटा सत्त्याण्णवच्या खाली येईना. शंभरपैकी सत्त्याण्णव मला शाळेत कधी पडले नव्हते, पण हवेला रोज पडत होते आणि मी ते रजिस्टरला मांडत होतो. पंधरा ऑगस्टला दहा पिशव्या पाठवून झाल्या होत्या, दोनच उरल्या होत्या. चार दिवसांनी अमिषाचा फोन आला. आवाजच वेगळा.

"मामा, कमाल झाली आहे. तुमच्या दाराच्या बाजूचे मणी खलास होतायत. दर पंधरवड्याला वायू धरायची ताकद कमी. तेच अपेक्षित होतं. पण समोरच्या बाजूचे नव्यासारखे आहेत. नव्यासारखे, मामा! त्याच पेटीत, त्याच हवेत. सर म्हणाले, वाऱ्याच्या दिशेचा काहीतरी मोठा प्रकार आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर मांडायला सांगितलंय. एका कंपनीचे लोक येणार आहेत."

त्या दिवशी मी वाडीभर फिरलो. दादूला सांगितलं, केतनला सांगितलं, मासळी बाजारात सांगितलं, जिथे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या हवेत जगाचा प्रश्न सुटला आणि तो माझ्या देखरेखीखाली सुटला. किशोरी म्हणाली, "दुसरा सदरा घाला, याला खिशापाशी शाई लागलीय." मला काही फरक पडला नाही.

दोन दिवसांनी परत फोन. "मामा, एक बारीकशी शंका. समोरच्या बाजूच्या या वेळच्या पिशवीला सुक्या बोंबलाचा वास येतोय. तुमच्याकडे हवेतच असतो ना तो?"

"म्हणजे काय," मी म्हटलं, "थळ आहे हे."

"हो. पण दुसऱ्या पिशवीला येत नाही."

मी फोन ठेवला. कंट्रोलरच्या अठरा वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. दोन गाड्या एकाच रस्त्याने येतात आणि एकीच्याच चाकाला चिखल असतो, तेव्हा ती मध्ये कुठेतरी वळलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी खिडकीत खुर्ची टाकून बसलो. पाऊस भुरभुरत होता. साडेआठला गोदूबाय पाठीमागच्या दारातून बाहेर आली, सरळ गडग्यापाशी गेली, खिट्टी काढली, हात घालून पिशवी काढली, पदराखाली धरली आणि घरात गेली. लपूनछपून अजिबात नाही. अंगणातल्या दोरीवरचा टॉवेल काढावा तशी.

मी चप्पल न घालता धावलो. तिच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, एका अंगाला भाकरी फुगत होती, वर ओळीने टोपल्या टांगलेल्या होत्या आणि शेवटच्या, सगळ्यात लहान, नव्या टोपलीत माझ्या भाचीची पाच वर्षं ऊब खात पडली होती.

"गोदूबाय, हे काय?"

"काय म्हंजे? सुकवतंय."

"कधीपासून?"

"तुमी तिसऱ्यांदा सादळू दे म्हनलाव, तवापासून."

माझा आवाज चढला. मी तिला प्रयोग म्हणजे काय, संशोधन म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय हे सगळं ऐकवलं. पायांना चिखल होता आणि कमरेला लुंगी होती, त्यामुळे ते म्हणावं तसं भारदस्त झालं नाही. तिने भाकरी उलटली आणि माझं संपू दिलं.

"मला वाटलं, रिटायर झाल्यापासून तुमचं मन लागत न्हाय," ती म्हणाली. "मानूस आपल्या वस्तूला सादळू दे सादळू दे म्हनतो, तो काय शहाना असतो? तुमच्या बाजूनं टाळा व्हता, म्हनून माझ्या बाजूचं तेवढं वाचवलं. किशोरीला बोलले न्हाय. उगा तिच्या जिवाला घोर."

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली आणि मग भाकरीची भूक लागली. तिने भाकरी दिली. ती मी उभ्याउभ्या खाल्ली.

आता करायचं काय? सांगितलं नाही तर अमिषा दहा दिवसांनी सगळ्यांसमोर उभी राहून गोदूबायच्या चुलीला वाऱ्याची दिशा म्हणणार. सांगितलं तर तिचा पावसाळा गेला, आणि तो माझ्या देखरेखीखाली गेला. दिवसभर मी फोन हातात घेऊन फिरलो. एकदा मनात आलं की राहू द्यावं, कोणाला कळणार आहे. हे लिहायला नको वाटतंय, पण आलं होतं. संध्याकाळी किशोरीने विचारलं, "कोणाला फोन करायचाय का, की नुसताच फिरवायचाय?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी गोदूबायला कळलं असतं की हे चुकलंय, तर ती रात्र उलटू देती का?" मी फोन लावला.

अमिषाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या येते."

पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून ती आली ती पेणवरून, भिजलेली, डोळे सुजलेले. माझ्याशी फार बोलली नाही. चहा घेतला, सरळ गोदूबायकडे गेली आणि चुलीपुढे पाटावर बसली. मी दारात उभा राहिलो. घरचा माणूस असून पाहुण्यासारखा.

"मावशी, रोज ठेवायचात का?"

"न्हाय ग. चूल मोठी केली त्या दिसालाच. टोपल्या चढवल्या की तुमची पन चढवायची."

"किती वेळ?"

"भाकऱ्या सुरू झाल्यापासून राख बसेस्तवर."

"आणि कुठल्या कुठल्या दिवशी, ते आता आठवणं शक्य नाही ना?" अमिषाने विचारलं. उत्तर तिने गृहीतच धरलं होतं.

"आठवायचं कशाला?" गोदूबाय म्हणाली आणि चुलीमागच्या भिंतीकडे बोट केलं.

धुराने पिवळ्या पडलेल्या चुन्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. पाच ओळी, तिची स्वतःची सोडून. ज्या बाईची टोपली ज्या दिवशी चढली, तिच्या ओळीत त्या दिवसाची रेघ, कारण जिची टोपली जास्त दिवस, तिने लाकडं जास्त आणायची. एकादशी आणि अमावस्येच्या जागी टिंब, म्हणजे तारखा चुकायला वाव नाही. प्रत्येक ओळीपुढे खूण होती. अक्षरं शिकण्यापेक्षा हे सोपं, म्हणून काशीचा मासा, शकूचं फूल. आणि सगळ्यात खाली, पाचव्या ओळीपुढे, एक चौकोन आणि त्याला दोन चाकं. एस.टी. होती ती.

"ही तुमची," गोदूबाय मला म्हणाली. "लाकडं न्हाय आनलीत तुमी. चालतंय."

त्या ओळीत सत्तेचाळीस रेघा. अमिषाने त्या तीनदा मोजल्या, पंचांग मागवून तारखा लावल्या, फोटो काढले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. माझ्या लक्षात आलं की आता माझी वेळ आहे. मी घरी गेलो आणि माझं रजिस्टर आणलं. दिवसाला तीन नोंदी, एकही खाडाखोड नाही. भिंतीवरच्या कोळशासमोर मी ते छाती काढून उघडलं.

अमिषाने पानं चाळली. चाळता चाळता थांबली. परत मागे गेली.

"मामा, दुपारी तीनच्या नोंदी."

"हं."

"जून, जुलै, ऑगस्ट. रोज सत्त्याण्णव. आणि सोमवार ते रविवार एकाच शाईत, एका दमात लिहिल्यासारख्या."

आता हे सांगावंच लागेल. नोकरीत मी एक मिनिट इकडचं तिकडे लिहिलं नाही. पण निवृत्त झाल्यावर जेवणानंतर मी जो आडवा होतो तो साडेचारला उठतो. दुपारी तीनला हवा कशी असते ते मी दोन वर्षांत बघितलेलं नाही. दर रविवारी आठवड्याच्या तीनच्या नोंदी मी अंदाजाने भरत होतो. गोदूबायच्या चुलीपुढे, तिच्या सत्तेचाळीस खऱ्या रेघांसमोर, मला हे कबूल करावं लागलं. गोदूबाय भिंतीकडे बघत राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

"तुझं नुकसान झालं ना ग?" मी अमिषाला विचारलं.

"नाही झालं मामा." तिने रजिस्टर मिटलं. "ती हिरव्या दिव्याची पांढरी डबी आहे ना, ती दर दहा मिनिटांनी हवेचा दमटपणा स्वतःच नोंदते. मी तुम्हाला रजिस्टर दिलं ते..." तिने वाक्य गिळलं.

"ते काय?"

"मामी म्हणाली होती, निवृत्त झाल्यापासून तुम्ही दिवसभर फाटकात उभे राहून गाड्यांच्या वेळा मोजता. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

म्हणजे एका पावसाळ्यात दोन बायांनी माझ्यावर दया केली होती आणि त्यातल्या एकीचे कान तिसरीने भरले होते. मी एवढा दुखावलो की दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण मला खरोखर बरं वाटलं होतं. ते नाकारण्यात काय अर्थ आहे? त्या रजिस्टरपायी मी रोज सकाळी सातला दाढी करून अंगणात उभा असायचो.

अमिषाने सप्टेंबरमध्ये कंपनीच्या लोकांसमोर नव्यासारख्या मण्यांचा दावा केला नाही. खरं ते सांगितलं. आमच्या बाजूचे मणी कोणी हात न लावलेले, म्हणून प्रकरणाचा तो भाग भक्कम उभा राहिला. तिचे सर आधी चिडले, मग भिंतीचा फोटो बराच वेळ बघत बसले. वाळवल्यामुळे मणी टिकले की धुराने काही केलं, हे चुलीवरून सांगता येईना. म्हणून तिने प्रयोगशाळेत, ओल्या हवेच्या पेटीत मणी ठेवून, गोदूबायच्या रेघांच्या वेळापत्रकानेच, पण धुराशिवाय, नुसत्या उबेत ते पुन्हा वाळवून बघितले. सादळायच्या आधी उचलून वाळवलेले मणी जास्त टिकले. चुलीवरच्याइतके नाहीत, पण टिकले. का, ते तिला अजून पुरतं सांगता येत नाही आणि तसं तिने लिहिलंय. सरांनी प्रकरण मान्य केलं. मार्चच्या आत प्रबंध जाईल.

दिवाळीनंतर तिने ते प्रकरण छापून पाठवलं. शेवटी आभाराचं पान होतं. त्यात पहिलं नाव गोदूबायचं, कोळशाच्या नोंदींसाठी. दुसरं नाव माझं. माझ्यापुढे लिहिलं होतं, 'ज्यांनी फोन केला.' एवढंच. मी ते पान गोदूबायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आभार कशाला? परकी हाय का मी?" आणि बराच वेळ टोपली विणत बसली, आणि एकच बंद तीनदा सोडवला.

मी अजून रजिस्टर लिहितो. आता कोणाला नको आहे, तरी लिहितो. नोव्हेंबरातल्या एका दुपारी, जेवून आडवा झालो होतो, तर पत्र्यावर टपटप ऐकू आली. अवेळी सर. गोदूबाय लेकीकडे नागावला गेली होती आणि तिच्या अंगणात सकाळपासून जवळा पसरलेला होता. मी गडगा ओलांडला. या वयात तो दारातून जाऊन ओलांडायचा असतो, पण मी वरून ओलांडला. किशोरी मागून सूप घेऊन आली. आम्ही दोघांनी ओंजळी ओंजळीने सगळा जवळा सुपात भरून तिच्या पडवीत नेला, दाराशीच्या पोत्यात ओतला आणि सूप तिथेच ठेवलं. माझा सदरा, केस, मिशा, सगळ्याला वास लागला. परत आलो, हात धुतले आणि रजिस्टर उघडलं. दुपारी तीन: झोपलो होतो. तीन वाजून दहा मिनिटं: पाऊस. गोदूबायचा जवळा आत घेतला. काट्याकडे बघून आकडा लिहिला, नव्वद.

संध्याकाळी गोदूबाय आली. आपल्या दारातल्या पोत्याकडे बघितलं, मग आमच्याकडे येऊन सूप किशोरीच्या हातात दिलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी बोंबील आणायला तिच्याकडे गेलो, तेव्हा चुलीमागच्या भिंतीवर एस.टी.च्या ओळीत कालच्या जवळ्याची अठ्ठेचाळिसावी रेघ होती.